विज्ञानतपस्विनी डॉ. कमला सोहोनी

(द्वितीय वर्ष, वाणिज्य शाखा)

भाताची कापणी आटोपली आणि शेते मोकळी झाली, की आमच्या पेडणे तालुक्यात जमिनीत उरलेल्या ओलीवर अळसांदे पेरतात. माझे वडील पेडण्याचे, आई कन्नड मुलखातली, आणि आमचे बिऱ्हाड डिचोलीस. वडिलांच्या गावी ज्याला अळसांदे म्हणतात, त्याला आईच्या माहेरीही अलसंदेच म्हणतात. दोन भाषांच्या आमच्या घरात ज्या थोड्या शब्दांवरून कधी वाद झाला नाही, त्यांपैकी हा एक. रात्री भिजत घातलेले अळसांदे दुसऱ्या दिवशी शिजवायचे, नारळाचे वाटण लावायचे, आणि उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर किंवा भाताबरोबर जेवायचे. मासळी महाग झाली की हे जेवण आमच्याकडे वारंवार होते. ते पोटभरू जेवण, पाहुण्यांपुढे वाढण्याजोगे नव्हे, अशी माझी समजूत होती.

गेल्या वर्षी ग्राहक संरक्षण या विषयावर प्रकल्प लिहिताना ग्राहक चळवळीतील जुन्या कार्यकर्त्यांची माहिती मी गोळा करीत होते. त्यात एका शास्त्रज्ञ बाईंचे नाव आले. पुढे वाचत गेले तेव्हा कळले, की आपल्या ताटातील कडधान्यांत काय दडलेले आहे याचा शोध घेण्यासाठी या बाईंनी आयुष्याची कितीतरी वर्षे वेचली, आणि त्या शोधाच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठीच त्यांना आधी एक लढा द्यावा लागला. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी. मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही. तरीही त्यांचे चरित्र आपल्या वार्षिकात यावे असे मनापासून वाटले, म्हणून हा प्रयत्न.

कमलाबाईंचा जन्म 1911 साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. जमशेटजी टाटांच्या देणगीतून बंगलोरला उभ्या राहिलेल्या भारतीय विज्ञान संस्थेचे ते अगदी सुरुवातीच्या काळातील विद्यार्थी होते. कमलाबाईंची थोरली बहीण म्हणजे मराठी वाचकांना सुपरिचित असलेल्या, 1975 साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या दुर्गाबाई भागवत. एका बहिणीने लोकसाहित्याचा ध्यास घेतला, दुसरीने लोकांच्या अन्नाचा. मुलींना शिकविणे हीच जेव्हा धाडसाची गोष्ट होती, त्या काळात या घरात मुलींच्या हाती पुस्तके दिली गेली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

1933 साली रसायनशास्त्र हा मुख्य आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. वडील आणि चुलते जेथे शिकले तेथेच आपणही संशोधन करावे, हे त्यांनी आधीच ठरविलेले होते. त्यांनी बंगलोरला अर्ज पाठविला. गुण उत्तम होते, घराण्याची परंपरा होती, काही अडचण येईल असे कोणाला वाटले नसावे. परंतु अर्ज नामंजूर झाला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती.

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. 1930 साली नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी भारताचे नाव जगात गाजविले होते. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने नाही म्हटल्यावर दुसऱ्या एखाद्या मुलीने कपाळाला हात लावून वेगळी वाट धरली असती. कमलाबाई बंगलोरला गेल्या. नामंजुरीचे कारण काय, हे त्यांनी संचालकांना समोरासमोर विचारले, आणि प्रवेश मिळाल्याखेरीज येथून हलणार नाही अशी भूमिका घेतली. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस होते. त्यातील हत्यार या तरुणीने विज्ञानाच्या मंदिरात वापरले.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू नये, अशीही एक अट होती. पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, हा त्या शेवटच्या अटीचा अर्थ. कमलाबाईंनी या सर्व अटी मान्य केल्या. मात्र मान्य केल्या म्हणजे त्या पटल्या असे नव्हे. उतारवयातही त्या अपमानाचा विसर त्यांना पडला नव्हता. रामन यांच्या थोरवीला यामुळे बाध येतो काय? मला वाटते, थोर माणसेही आपल्या काळाच्या समजुतींतून सुटलेली नसतात, हे यातून शिकावे. त्यांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की वर्षभर कमलाबाईंचे काम पाहिल्यावर त्यांचे मत बदलले, आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

संस्थेत कमलाबाईंना श्रीनिवासय्या यांच्यासारखे कडक शिस्तीचे पण ज्ञानदानात हात आखडता न घेणारे गुरू लाभले. त्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. आपल्या देशात बहुसंख्य लोकांना मांस, अंडी रोज परवडत नाहीत. दूध पुरेसे मिळत नाही. त्यांच्या शरीराची झीज भरून काढायची ती डाळी-कडधान्यांनीच. म्हणून हा विषय केवळ प्रयोगशाळेतला नव्हता. 1936 साली या संशोधनावर त्यांनी एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळविली.

येथे प्रथिन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. विज्ञानाच्या मित्रमैत्रिणींनी माझ्या चुका पोटात घालाव्यात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी. जिवंत सृष्टीतील जवळजवळ सर्व प्रथिने अवघ्या 20 प्रकारच्या अमिनो आम्लांपासून तयार होतात. डोक्यावरचा केस, दुधातले केसीन, रक्तातले हिमोग्लोबिन, साखरेवर ताबा ठेवणारे इन्सुलिन, अन्न पचविणारी विकरे म्हणजेच एन्झाइम, सारी याच 20 घटकांची. मग इतकी विविधता येते कोठून? ती येते क्रमातून. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांची वर्णमाला अ, आ, इ, ई अशी जवळजवळ एकाच क्रमाने चालते. अक्षरांची जुळणी मात्र निराळी, म्हणून एका वर्णमालेतून ज्ञानेश्वरांचे वाङ्मय उभे राहिले आणि दुसरीतून बसवण्णांची वचने. अमिनो आम्लांचेही तसेच आहे.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला आकडा मांडल्याशिवाय चैन पडत नाही. दोन अमिनो आम्लांची साखळी 400 प्रकारांनी जुळविता येते, तिघांची 8,000 प्रकारांनी, पाचांची 32 लाख प्रकारांनी, आणि केवळ दहांची 10,24,000 कोटी प्रकारांनी! इन्सुलिन हे अगदी लहान प्रथिन, तरी त्यात 51 अमिनो आम्ले आहेत. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत 146. त्या 146 मध्ये एकच अमिनो आम्ल बदलले, की सिकल सेल हा रक्ताचा दुर्धर आजार होतो. एका अक्षराच्या चुकीने अर्थाचा अनर्थ व्हावा, तसाच हा प्रकार.

आता आहाराकडे वळू. या 20 पैकी 9 अमिनो आम्ले मोठ्या माणसाच्या शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. त्यांतले एक जरी कमी पडले, तरी बाकीची कितीही असोत, प्रथिनांची बांधणी अडते. घर बांधताना अंगणात चिऱ्यांचा ढीग पडलेला असावा, पण दारावर घालायचा एक लांब दगड नसावा, म्हणजे गवंड्याचे काम जसे तेथेच थांबते, तसे हे आहे. तांदळात लायसीन नावाचे अमिनो आम्ल कमी असते, कडधान्यात ते भरपूर असते. उलट कडधान्यात मेथिओनीन कमी, ते तांदळात त्या मानाने बरे असते. भात आणि अळसांदे एका ताटात आले, की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आईच्या माहेरची ज्वारीची भाकरी आणि डाळ यांचेही गणित हेच. आपल्या आज्या-पणज्यांनी हे गणित कोणत्या वहीत मांडले होते, देव जाणे! पण उत्तर त्यांनी बरोबर काढले होते.

हे ज्ञान ज्या प्रयोगांतून पुढे आले, त्यांतील एका महत्त्वाच्या प्रयोगाचे धनी होते केंब्रिजचे सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स. 1901 साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी कोल यांनी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल शोधून काढले. पुढे 1906 साली हॉपकिन्स आणि एडिथ विलकॉक यांनी उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. मक्याच्या झेईन या प्रथिनात ट्रिप्टोफॅन नसते. प्रथिन म्हणून केवळ झेईनवर ठेवलेले उंदीर वाढेनात आणि लवकर मरू लागले. त्याच अन्नात ट्रिप्टोफॅन मिसळले तेव्हा ते अधिक दिवस जगले. प्रथिन किती, एवढेच पाहून भागत नाही, ते कशाचे बनलेले आहे तेही पाहावे लागते, हा धडा या प्रयोगाने दिला. याच हॉपकिन्सना 1929 साली जीवनसत्त्वांवरील कार्याबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या हॉपकिन्सच्या विभागात कमलाबाई 1937 साली दाखल झाल्या. जेथे बंगलोरला दार उघडण्यासाठी हट्ट धरावा लागला, तेथे केंब्रिजच्या जीवरसायन विभागात अनेक स्त्रिया आधीपासून संशोधन करीत होत्या. अर्थात तेथेही सारे आलबेल होते असे समजू नये. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सभासदत्व दिले ते 1948 साली. तोपर्यंत स्त्रियांची पदवी ही नावापुरती पदवी होती. साहेबाच्या देशातही दारे आपोआप उघडली नव्हती, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

सुरुवातीला त्यांनी डॉ. डेरेक रिक्टर यांच्याकडे काम केले, आणि नंतर वनस्पतींच्या हिरव्या पानांतील क्रियांवरील शोधामुळे पुढे प्रसिद्धीस आलेले रॉबिन हिल यांच्याकडे. हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करताना त्यांना बटाट्यात सायटोक्रोम-सी आढळले. सायटोक्रोम-सी हेही एक प्रथिनच. पेशी श्वसन करते, म्हणजे अन्नातून शक्ती काढून घेते, त्या कामात याचा वाटा असतो. प्राण्यांत ते असते हे माहीत होते. वनस्पतींच्या पेशींतही ते आहे, असे कमलाबाईंनी दाखविले. आज आपल्याला माहीत आहे की माणूस, बटाटा आणि आंबविणारे यीस्ट या तिघांमध्येही हे प्रथिन असते. साखळीतील काही अमिनो आम्ले बदललेली, पण मुख्य रचना तीच.

हे संशोधन त्यांनी जेमतेम 14 महिन्यांत पुरे केले, आणि अवघ्या 40 पानांचा प्रबंध लिहून 1939 साली पीएच.डी. मिळविली. शास्त्र विषयात केंब्रिजची ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. प्रबंधाचे वजन तराजूने मोजण्याची सवय असलेल्यांनी ही 40 पाने आठवावीत.

महायुद्धाचे ढग जमत होते. परदेशात राहून नाव कमाविणे त्यांना शक्य होते. पण त्या 1939 साली मायदेशी परतल्या. प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायन विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. नंतर निलगिरीतील कुन्नूर येथील आहार संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी साहाय्यक संचालक म्हणून काम केले. 1947 साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि त्या मुंबईस आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायन विभाग सुरू झाला होता. तेथे प्राध्यापक म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांची एक पिढी घडविली.

मुंबईतील काळ हा त्यांच्या कामाचा मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग आहे, कारण येथे त्या पुन्हा कडधान्यांकडे वळल्या. कडधान्यांत प्रथिने भरपूर असतात हे खरे, पण ती सगळीच अंगी लागतात असे नाही. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर प्रथिनांची साखळी तोडून पचनाला मदत करते. पण काही कडधान्यांत या ट्रिप्सिनलाच अडवून धरणारी द्रव्ये असतात. म्हणजे खजिना आहे, पण त्याला कुलूपही आहे. 1950 नंतरच्या दशकात कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय भाज्या आणि कडधान्ये तपासून या द्रव्यांचा अभ्यास केला. पावटा-वालासारखी साधी धान्ये त्यांच्या काचेच्या नळ्यांत गेली. हे कुलूप उघडते उष्णतेने. नीट शिजविले, की ही अडविणारी द्रव्ये बहुतांशी निकामी होतात, आणि भिजविल्याने, मोड आणल्याने शिजणे व पचणे सोपे होते. अळसांदे रात्री भिजत घालायला विसरले म्हणून मी आईची बोलणी खाल्ली आहेत. त्या बोलण्यांमागे एवढे शास्त्र होते, हे आता कळते.

त्यांचे दुसरे मोठे काम नीरेवरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. गोव्यात माडाची सूर सर्वांना ठाऊक आहे. रेंदेर माडावर चढतो आणि पोयीतून ठिबकणारा रस उतरवितो. हा रस आंबू दिला नाही तर ती नीरा. ताज्या नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह आहेत, आणि तिच्या गुळातही हे गुण राहतात, असे कमलाबाईंच्या अभ्यासात दिसून आले. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे आढळले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. दूधही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पाला दुधाच्या दर्जाबाबत त्यांनी सल्ला दिला.

ज्या संस्थेत त्यांनी एवढे काम केले, तिच्या संचालकपदावर त्यांचा हक्क होता. ते पद त्यांना मिळाले, पण विलंबाने. त्या चार वर्षे या पदापासून दूर ठेवल्या गेल्या, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. बंगलोरच्या दाराशी उभे राहावे लागले तेव्हा त्या विशी ओलांडलेल्या तरुणी होत्या. आता केंब्रिजची पदवी, संशोधन, विद्यार्थी, मानसन्मान सारे गाठीशी होते. तरीही वाट पाहणे चुकले नाही.

निवृत्तीनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. 1966 साली मुंबईत काही स्त्रियांनी स्थापन केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेत त्यांनी उमेदीने काम केले. 1982-83 मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षही होत्या. संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या हिताचे लेख लिहिले. आम्ही वाणिज्य शाखेत ग्राहक संरक्षण कायदा शिकतो. तो पहिला कायदा 1986 साली झाला. कायदा येण्याच्या कितीतरी आधी या बायका बाजारातल्या मालाची पारख करून लोकांना जागे करीत होत्या. मराठी गृहिणींसाठी कमलाबाईंनी 'आहार-गाथा' हे पुस्तकही लिहिले. प्रयोगशाळेतील ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले नाही तर ते अर्धेच, अशी त्यांची दृष्टी असावी.

1998 साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार घडवून आणला. वयाची 85 वर्षे उलटलेली होती. त्या समारंभातच त्या कोसळल्या, आणि थोड्याच काळाने, 28 जून 1998 रोजी, त्यांचे निधन झाले. मान मिळायला एवढा उशीर झाला, की तो घेण्यापुरतेच आयुष्य उरले होते!

असो. आता थोडे स्वतःविषयी. दहावीनंतर मला विज्ञान शाखेला जायचे होते. प्रॅक्टिकल संपवून शेवटच्या बसने डिचोलीला येईपर्यंत अंधार पडेल, मुलीच्या जातीला ते बरे नव्हे, असे नातलगांत ठरले आणि मी वाणिज्य शाखेत आले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, आणि वाणिज्य मला आज आवडतेही. पण कमलाबाईंना रात्री काम करण्याची अट घातली गेली हे वाचले, तेव्हा मी क्षणभर थांबले. त्यांना रात्र ही अट म्हणून मिळाली, मला ती अडथळा म्हणून. दोन्हीकडे मुलीची बुद्धी किती, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आणि तिने अट मान्य केली, मी अडथळा निमूटपणे मानला, हा फरक मला बोचतो.

हॉपकिन्सच्या उंदरांना अन्न भरपूर होते. फक्त त्यात आवश्यक ती सारी अमिनो आम्ले नव्हती, तेवढ्याने त्यांची वाढ खुंटली. समाजाचेही तसेच असते. बाकी सारे भरपूर असून एका घटकाला दाराबाहेर ठेवले, तर बांधकाम तेथेच अडते. कमलाबाई आत गेल्या आणि त्यांच्या मागून येणाऱ्या मुलींसाठी दार उघडे राहिले. माझी धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. तिला विज्ञान शाखेला जायचे आहे. यंदा घरात हा प्रश्न निघेल तेव्हा मी गप्प बसणार नाही, एवढे मी ठरविले आहे. शेवटच्या बसला तिला आणायला स्टँडवर जाण्याची माझी तयारी आहे.